उजेडाचा मान

वाशीमच्या बदरुद्दीन फोटोवाल्याचं एक ठाम मत होतं. उजेड समोरून मारला की माणूस पोस्टाच्या तिकिटासारखा सपाट दिसतो, बाजूनं मारला की त्याला नाक-डोळे फुटतात. म्हणून मॅग्नेशियमची पूड तो कॅमेऱ्यापाशी न पेटवता लांबवर, बांबूला बांधलेल्या पत्र्याच्या तबकात पेटवायचा. गाव तिला फोटोची दारू म्हणे.

त्या साली अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात उत्तम वांग्यांना विहिरीचं पाणी ओढणाऱ्या लोखंडी रहाटाचं बक्षीस होतं. अट साधी होती: पिकवणाऱ्याचा वांग्यांसह फोटो हवा, तो मळ्यातच आणि गावच्या बागायत समितीच्या समक्ष काढलेला हवा. गुलाबराव माळ्याचं एक वांगं भाजलं तर घर जेवून उठे. त्याची मोट बायको हाकायची. बैल थकले होते, आणि तीही थकली होती.

"रहाट आला तं एका बैलावर भागते," ती बदरुद्दीनला म्हणाली. "भाऊ, फोटो असा काढा, का अकोल्याच्या सायबाच्या तोंडाले पानी सुटलं पायजे."

बदरुद्दीननं दिवस बुडायची वेळ धरली. मागे काळवंडतं आभाळ आणि बाजूनं झगमगाट, म्हणजे वांगी तेल लावल्यागत चमकणार. तो कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवत होता तेव्हा समिती 'समक्ष' या शब्दाचा अर्थ लावत होती.

"समक्ष म्हंजे फोटोत," अध्यक्ष रंगराव पाटील म्हणाले. "नाईतं आमी हजर होतो, हे अकोलेवाल्याले कसं कळन?"

बिनतोड मुद्दा. पाटील, चिटणीस लखीराम शेठ आणि सभासद रामकिसन गुलाबरावशेजारी ओळीनं उभे राहिले. मग ध्यानात आलं की उजेड उजवीकडून येणार, आणि उजव्या टोकाला तर गुलाबराव उभा. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावरून ज्या गावात दोन पिढ्यांचे अबोले चालतात, तिथं हे कोण खपवून घेणार? गुलाबरावला सरकायला सांगितलं. तो सरकत सरकत पार मिरचीच्या वाफ्यात गेला.

"वांग्याची पाटी कोनं धराची?" रामकिसननं विचारलं.

"समितीच्या ताब्यात असू द्या," म्हणत पाटलांनी ती आपल्याच हाती घेतली.

"पाटील, पिकवली त्यानं," बदरुद्दीन म्हणाला.

"मंग आमी कुठी नाई म्हनून राह्यलो?"

आता शेठजींना शंका आली. "माह्यापर्यंत उजेड येते का?"

"थोडा कमी येते, शेठ."

"कमी काहून? मी काय उष्टं खातो?"

यावर बांधावरच, उभ्याउभ्या, उजेडवाटपाचा ठराव मंजूर झाला. अध्यक्षांच्या मानाची तीन चमचे पूड, चिटणीसांची दोन, सभासदाची एक, पिकवणाऱ्यास उरल्यासुरल्यातून. बदरुद्दीननं हात जोडले. दोन चमच्यांत अख्खा मळा उजळतो, जास्त घातली तर तोंडं पांढरीफटक पडतील, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

"पांढरी पडली तं वाईट काय हाय?" रामकिसन म्हणाला.

तबक धरायला मात्र माणूस उरला नव्हता. प्रतिष्ठित मंडळी सगळी फोटोत होती. गुलाबरावच्या बायकोनं पदर खोचला. "आना इकडं. धरतो मी."

बदरुद्दीननं भिंगाचं टोपण काढलं, तिनं वातीला काडी लावली. असा भडका उडाला की बाभळीवरचे बगळे उठले आणि बैल दावं तोडून पळाले. समितीनं एकमतानं डोळे मिटले. बाईच्या भुवया जळाल्या, पण तिनं तबक हलू दिलं नाही.

फोटो निघाला तो असा: पिठात बुडवून काढल्यासारखी तीन तोंडं, वाफ्याकडच्या अंधारात गुलाबरावचं एक कोपर, आणि पाटलांच्या हातात वांगी. काळी वांगी तेवढी त्या भडक्याला पुरून उरली होती. काय चमकली होती! अकोल्याच्या परीक्षकांनी पाहताक्षणी पहिलं बक्षीस दिलं, आणि ज्याच्या हाती वांगी त्याच्या नावे रहाट धाडला.

पाटलांनी तातडीची सभा घेतली. आलेलं बक्षीस परत करणं हा सरकारचा अपमान, सबब रहाट नाइलाजानं अध्यक्षांकडे राहावा, असं ठरलं. पाटलांना मळा नाही. रहाटावर त्यांची धोतरं मात्र फार छान वाळतात.

बदरुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मळ्यात गेला तेव्हा ती मोट हाकत होती.

"भुवया येतीन, भाऊ," ती म्हणाली. "रहाटाचं काय?"

तो फोटो त्यानं दुकानात टांगला. गिऱ्हाईक येतं, पाटलांना ओळखतं, शेठजींना ओळखतं, फार चौकस असलं तर ते कोपर कोणाचं म्हणून विचारतं. तबक कोणी धरलं होतं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

हसू नका. पाटलांचं नाव तुमच्याही जिभेवर आहे, रामकिसनचंही असेल. त्या बाईचं नाव मी इथवर एकदाही सांगितलं नाही, आणि तुमचं काही अडलं नाही.