वार्निश केलेला झेंडा

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पेंटरने झेंड्यावर वार्निशचा हात मारला आणि दोन पावलं मागे सरकून तो बघत राहिला. झेंडा आरशासारखा चमकत होता. तो एकशेवीस बिस्किटांचा होता.

बिस्किटं खायची होती, हे त्याला सहा एकेचाळीसला आठवलं.

वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा हात काम संपलं की आपोआप वार्निशच्या डब्याकडे जातो. त्याची बायको शाळेत हंगामी शिक्षिका होती. राष्ट्रदिनाचा खाऊ आपण आणू, असं तिने मोठ्या बाईंना सांगून ठेवलं होतं. घरात ओव्हन नाही, म्हणून बिस्किटं रंगीत चॉकलेटात बुडवायची, थंड करायची आणि फळीवर झेंड्यासारखी मांडायची. बुडवणं तिने काल संध्याकाळीच उरकलं. मांडणी पेंटरकडे. त्याने चक्क दोरी धरून रेषा आखल्या.

बायको केसांत पिन खोचत आली. "कसला वास येतोय?"

"आधी बघ तरी कसं दिसतंय!"

"मी वासाचं विचारतेय."

"एकच हात मारलाय. पातळसा."

बायको मटकन स्टुलावर बसली. "अहो, पोरं खाणार होती ना हे! आज मोठ्या बाई माझ्या नोकरीचं साहेबांकडे बोलणार आहेत."

"पुसून टाकू?"

"वार्निश पुसलं जातं?"

"छे," पेंटर अभिमानाने म्हणाला. "भर पावसात दहा वर्षं हलत नाही."

सुट्टीमुळे दुकानं बंद, नवी बिस्किटं मिळणार नव्हती. अखेर ठरलं, झेंडा फक्त बघायचा. पेंटरने घाईघाईने एक पाटी रंगवली: 'हात लावू नये'. शाळेत ती वाचून, एरवी फिरकली नसती अशी माणसंही हात लावायला आली. पेंटर फळीपुढे हात पसरून उभा राहिला.

प्रमुख पाहुणे म्हणून आलेले साहेब वाकून बघू लागले. "काय ही चमक! घालता काय यात?"

"घरात असतं तेच," पेंटर म्हणाला. ते खरं होतं.

साहेबांचा हात पुढे आला तशी बायको मध्ये घुसली. "साहेब, झेंडा आहे. मोडायचा कसा?"

साहेबांचे डोळे भरून आले. त्यावर ते वीस मिनिटं बोलले. टाळ्या थांबेनात. मोठ्या बाई बायकोच्या कानाशी लागल्या, "सोमवारी नोकरीची ऑर्डर घ्यायला या. कायमची."

दहा वाजता दोघं फळी घेऊन नाचतच घरी आली. पेंटरने सवयीने ओळी तपासल्या. खालच्या कोपऱ्यात एक बिस्कीट कमी होतं.

बायकोने मोठ्या बाईंना फोन लावला.

"साहेबांनीच घेतलं हो!" त्या म्हणाल्या. "आठवण म्हणून. घरी जाऊन निवांत खातो म्हणाले."

बायकोने फोन ठेवला. "खरं सांगितलं तर ऑर्डर गेली."

"आणि नाही सांगितलं तर साहेब."

पेंटर सायकलवर टांग मारून सुटला. बायकोने साहेबांच्या घरी फोन फिरवला. तो त्यांच्या पत्नीने उचलला.

"आहेत ना, चहाला बसलेत. देते हं," त्या म्हणाल्या. "पण जरा थांबा, तोंडात काहीतरी आहे त्यांच्या."

दहा वाजून सात मिनिटांपर्यंत एवढंच कळलं होतं.