नाव नसलेली शाल

कार्यक्रम कसा करावा हे विश्वंभरकडून शिकावं! निदान विश्वंभरचं तरी तसं मत होतं. वारंगा फाट्याजवळच्या माजी सैनिकांच्या निवासात तो सहा वर्षं व्यवस्थापक होता, आणि झेंडावंदनापासून डोळे तपासणीच्या शिबिरापर्यंत त्याचा एकही कार्यक्रम फसला नव्हता.

एकच गोष्ट त्याला खात होती. गेल्या वर्धापनदिनी सगळ्यांचे आभार मानताना नेमकं मालनबाईंचं नाव घ्यायचं राहिलं. सत्तावीस वर्षं ज्यांनी या म्हाताऱ्या फौजींची जेवणं, औषधं, खोकले आणि रुसवे-फुगवे सांभाळले, त्यांचंच! बाई मागे उभ्या राहून चहाचे कप गोळा करत राहिल्या. तेव्हापासून त्यांच्या समोर मान वर करून बोलायची विश्वंभरला लाज वाटायची.

म्हणून यंदा त्याने त्यांचा सत्कार ठरवला, तोही त्यांना पत्ता लागू न देता. शाल, साडी, नारळ, हार आणि दोन किलो पेढे आणून त्याने आदल्या संध्याकाळी गुपचूप कोठीच्या खोलीत ठेवले. मालनबाईंना संशय नको म्हणून एकाही वस्तूवर नावाची चिठ्ठी लावली नाही. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या!

दुसऱ्या दिवशी अकराला कर्नलसाहेब पाहुणे म्हणून येणार होते, सत्कार त्यांच्याच हातून व्हायचा होता. दहाला विश्वंभरने कोठी उघडली, तर फळी रिकामी!

"नासेर!" त्याने कारकुनाला हाक मारली. "इथलं सामान कुठं गेलं?"

"मालनबाईनं सकाळीच वाटून टाकलं, साहेब."

"वाटून? कोणाच्या हुकमानं?"

नासेरने आदबीने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. 'नाव नसलेली वस्तू दानाची समजावी व त्वरित गरजूस द्यावी. हुकमावरून, व्यवस्थापक.' दिवाळीत दानाची घोंगडी उंदरांनी कुरतडली, तेव्हा विश्वंभरनेच ही पाटी लावली होती. खाली सही होती, चांगली वळणदार!

आता मालनबाईंना विचारायचं तरी कसं? विचारलं की सगळं उघड!

तो व्हरांड्यात धावला. हवालदार गुलाबसिंग नवी कोरी शाल पांघरून उन्हात बसले होते.

"दादा, जरा शाल देता का? तासाभरासाठी."

"न्हाई."

"अहो, पुन्हा देतो की!"

"सत्तावीस सालं झाली, मालनबाई सांगून राहिली, गुलाबसिंग, छाती झाकून बस. आज झाकली, तर तुमी काढायला आले!" एवढं बोलून गुलाबसिंगांना असा खोकला आला की विश्वंभरनेच ती शाल त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळून दिली.

साडी झाडलोट करणाऱ्या रूपाबाईला मिळाली होती, आणि रूपाबाई ती घेऊन लेकीच्या डोहाळजेवणाला कळमनुरीच्या गाडीत बसली होती. नारळाचं साखर-खोबरं झालं होतं. पेढे तर नाश्त्यालाच संपले! हार अंगणातल्या शहिदांच्या स्तंभावर होता, आणि तिथून हार उतरवण्याची छाती विश्वंभरची नव्हती.

"नासेर, फटफटी काढ! फाट्यावरून शाल आण, कशीही आण!"

पाऊण तासाने नासेर घामाघूम होऊन परतला. "शाल न्हाई मिळाली, साहेब. टॉवेल-टोपी आणली."

"मालनबाईंना टोपी घालू?"

"टॉवेल तरी बराबर हाय, साहेब. मोठा हाय."

तेवढ्यात फाटकातून कर्नलसाहेबांची जीप आत आली. यंदाही बाईंच्या वाट्याला काहीच नाही, या विचाराने विश्वंभरला रडू येईल असं वाटायला लागलं.

कार्यक्रम सुरू झाला. मालनबाई नेहमीप्रमाणे मागे, हातात चहाचा ट्रे. कर्नलसाहेब भाषणाला उठले आणि म्हणाले, "आज सत्कार आहे मालनबाईंचा! व्यवस्थापक, शाल आणा."

विश्वंभर माइकपाशी गेला. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. "शाल गुलाबसिंगदादांकडं आहे," तो म्हणाला. "साडी कळमनुरीला गेली. हार स्तंभावर आहे, आणि नारळ-पेढे सगळ्यांच्या पोटात. बाई, ते तुमचं होतं. मागल्या साली तुमचं नाव राहिलं, ती माझी चूक. आज पुन्हा चुकलो. माफ करा."

"अगं माय!" मालनबाईंनी ट्रे खाली ठेवला. "माझ्याच हातानं वाटलं की वो मी! काहून सांगितलं न्हाई?"

गुलाबसिंग शाल काढायला लागले.

"घाला ती परत!" बाई ओरडल्या. "छाती वाजून राहिली तुमची!"

गुलाबसिंगांनी शाल घातली. मग काठी बाजूला टाकून ते उठले, ताठ झाले आणि कडक सलाम ठोकला. त्यांच्या मागोमाग दुसरे उठले, तिसरे उठले. वर्षभर चाकांच्या खुर्चीतून न उठलेले सुभेदारही भिंतीला धरून उठले. सगळा हॉल सलामीत उभा! मंचावरून कर्नलसाहेबांनीही हात कपाळाला नेला.

मालनबाई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विश्वंभरला वाटलं, झाला सत्कार, शालीवाचून झाला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

पण बाईंचं लक्ष एकदम त्या लटलटणाऱ्या गुडघ्यांकडे गेलं.

"बसा खाली!" त्या कडाडल्या. "समदेच्या समदे बसा! पडलं एखादं तर कोण उचलंल?"

सगळे धपाधप बसले. भाषण अर्धं टाकून कर्नलसाहेबही बसले. विश्वंभरही बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याच्या मागे खुर्चीच नव्हती!