भावजींच्या धुनेची दुरुस्ती

"अर्ध्या तासाचं काम आहे, अक्का!" असं मी फोनवर ठणकावून सांगितलं. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर सुधारतो. आमच्या तंजावरकडच्या गोतावळ्यात कुणाचा प्रिंटर रुसला तरी आधी अनंतकृष्णाला हाक! मग एका सिंथेसायझरची ती काय कथा?

हा सिंथेसायझर आमच्या भावजींचा, म्हणजे श्रीविद्याअक्काच्या यजमानांचा. भावजी गेले, आणि आता वर्षाच्या आत उरकायचं म्हणून हरिप्रियाचं, त्यांच्या मुलीचं, लग्न पुढच्या आठवड्यावर आलेलं. लग्नासाठी त्यांनी एक धून बांधली होती आणि ती फक्त त्या यंत्राच्या पोटात होती. यंत्राचीही घटका भरत आलेली! अक्काच्या वेलचेरीच्या घरातल्या ओलीने त्याचा आवाज गेलेला, आतली बॅटरी मेलेली. बटण बंद केलं की सगळी मेमरी पुसणार! म्हणून अक्का ते बंदच करत नव्हती. वीज गेली की इन्व्हर्टर सिंथेसायझरला आणि माणसं घामाघूम. धून लवकरात लवकर लॅपटॉपवर उतरवायला हवी होती.

अक्काकडे जाऊन मी मिडी केबल लावली आणि 'प्ले' दाबलं. लॅपटॉप ढिम्म!

"मामा, इन-आउट उलटं लावलंय," हरिप्रिया म्हणाली.

"टेस्टिंग करतोय!"

सुलट लावल्यावर सूर आले, पण दात पडलेल्या माणसाने बोलावं तसे. या केबलमधून आवाज जात नाही. कुठली पट्टी कधी दाबली नि कधी सोडली, एवढाच निरोप जातो. माझी स्वस्तातली केबल निम्मे निरोप वाटेतच गिळत होती. एकदा तर 'सोडली' हा निरोपच हरवला आणि एक सूर जो लागला तो थांबेचना! खालच्या मजल्यावरचे तुळजाजी तंबोरा समजून वर आले आणि भजनासाठी मांडी ठोकून बसले! कॉफी प्यायल्याशिवाय उठले नाहीत.

"अय्यय्यो, पुसून जाईल कां रे तें?" अक्काने पदर मुठीत आवळला होता.

"तू उगी बैस गं!"

शेवटी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चांगली केबल आणली. धून स्वच्छ उतरली! फक्त मध्येच एक लांबलचक शांतता. पुन्हा उतरवली, पुन्हा तिथेच शांतता. सेटिंग बदललं, पोर्ट बदलला, शांतता हलेना. मग मीही हट्टाला पेटलो. ती शांतता कापली आणि दोन्ही टोकं अशी जोडली की शिवण दिसेना! तीच फाइल सेव्ह केली, आधीच्या सगळ्या नासक्या फाइली पुसल्या, सिंथेसायझरचं बटण बंद केलं आणि ऐटीत म्हणालो, "आता खुशाल पंखे लाव!"

अक्का डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्यावर तिने डोळे उघडले.

"येथें ते थांबत की रे."

"कोण?"

"तेच. वाजवतां वाजवतां स्वैपाकघराकडे तोंड करून विचारीत, 'विद्या, बरें आहे कां?' मी सांगेपर्यंत पुढें जात नव्हते. रेकॉर्डिंग चालू असलें तरीं."

अख्ख्या धुनेत अक्का होती ती तेवढ्याच जागी, आणि मी तीच जागा बिघाड म्हणून कापली होती. इतकं वाईट मला भावजी गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"परत घाल ना, मामा! ब्लँक स्पेसच तर आहे," हरिप्रिया रडत म्हणाली.

"किती वेळ थांबले होते, अक्का?"

"मी काय सांगिटलें त्यावर. आवडलें तर लगेच पुढें. नाहीं तर वाद."

"मग त्या वेळी काय सांगितलं होतंस?"

"आठवत नाहीं रे."

आता ठरलंय ते असं: लग्नात लॅपटॉपपाशी मी बसायचं, त्या जागी धून थांबवायची आणि अक्काने मान हलवली की पुढे सोडायची. इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये घालवून हे काम मिळालं! काल तालीम होती. मी धून थांबवली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी. मान काही हलेना. हरिप्रिया माझ्याकडे बघतेय, मी अक्काकडे. शेवटी न राहवून मीच विचारलं, "अक्का, बरं आहे का?"

"तूं नको रे विचारूं," ती म्हणाली.

मी धून पुढे सोडली.