पिवळी फुली

"आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे गल्लीतल्या टेलरमास्तरांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप आवळतानाच ते हे वाक्य टाकत, त्यामुळे समोरच्याला वाद घालायला श्वासच उरत नसे. मास्तरांचा संशयही मोठा उच्च प्रतीचा! दूधवाल्यावर, घड्याळावर, हवामानावर, एवढंच काय, स्वतःच्या टेपवरसुद्धा! एकाच माणसाची कंबर ते दोन टेपांनी मोजत आणि दोन्ही आकडे जुळले की म्हणत, "दोघांनी संगनमत केलेलं दिसतंय!"

पण सगळ्यात लाडका संशय होता तो पालिकेच्या सूचनांवर. कुठे पाणी बंद, कुठला रस्ता खोदणार, दुकानांचे परवाने कुठल्या खिडकीवर मिळणार, कुठल्या विजेच्या खांबाला हात लावू नये, असल्या सूचना रोज सगळ्या शहराच्या फोनवर येत. आणि त्या लिहीत कोण असे? मास्तरांचा सख्खा मेहुणा!

"ज्याला स्वतःच्या पँटची उंची धड सांगता येत नाही, तो शहराला काय सांगणार?" मास्तर दुकानात बसून विचारत.

"अहो, मागच्या वेळी पाणी जाणार म्हणाला, तर गेलंच ना?" बायको आतल्या बाजूला काजं करता करता म्हणे.

"गेलं! पण का गेलं? त्याने लिहिलं म्हणून गेलं! लोकांनी घाबरून पिंपं भरली, टाकी संपली!"

या तर्कापुढे बायको दोरा दाताने तोडी आणि पुढचं काज घेई. मास्तरांची शिकवणी मात्र वाया गेली नव्हती. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून अख्खी गल्ली पालिकेची सूचना आली की आधी मास्तरांकडे बघत असे. मास्तरांनी मान हलवली की सूचना खोटी!

एका सकाळी दुकान उघडायला गेले तर दारासमोर फुटपाथवर एक भलीमोठी पिवळी फुली! मास्तर कुलपाला किल्ली लावायचं विसरले. फुलीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून वास घेतला. मग गल्लीभर नजर फिरवली. दुसऱ्या कुणाच्याही दारात फुली नव्हती!

समोरून चपलांच्या दुकानाचे शेठ आले. हा माणूस दुसऱ्याच्या काळजीत तेल ओतायला सदैव तयार.

"मास्तर, नुसत्या तुमच्याच दारात? माझ्या साडूच्या गल्लीत अशीच फुली मारली होती हो…"

"मग? मग काय झालं?"

"आता तिथे साडू राहत नाही," शेठ खोल आवाजात म्हणाले आणि दुकानात निघून गेले. साडूने हौसेने मोठं घर घेतलं होतं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मास्तरांच्या पायाखालची फरशी सरकली. दुकान पाडणार! रस्ता रुंद करणार, आणि सुरुवात आपल्यापासून! तेवढ्यात बायकोने फोन पुढे केला. "हे बघा, भावाची सूचना आलीय. 'रस्त्यावरील पिवळ्या खुणा नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी आहेत. कृपया पुसू नयेत.'"

"बघ! बघ!" मास्तर ओरडले. "पुसू नयेत म्हणे! चोर कधी म्हणतो का, माझ्या पायाचे ठसे पुसा म्हणून?"

"अहो, त्याला फोन करून विचारा तरी!"

"फोन करून सावध करू त्याला?"

दुपारी गल्ली पेंगुळली. बायको दळण आणायला गेली. मास्तरांनी रॉकेलची बाटली, घासणी आणि बादली बाहेर काढली आणि "काय धूळ झालीय, काय धूळ!" असं कुणी विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणत फुटपाथ घासायला घेतला. फुली चिवट होती, पण मास्तर तिच्याहून चिवट. घामाच्या धारा लागल्या तेव्हा कुठे फरशी कोरी झाली.

इथेच थांबले असते तर ते मास्तर कसले! डोक्यात नवीन किडा वळवळला. पालिकेकडे हिशेब असणारच. एक फुली कमी भरली की आधी संशय कुणावर? ज्याची फरशी सगळ्यात स्वच्छ, त्याच्यावर! म्हणजे फुली कुठेतरी असायलाच हवी. शेठ खुर्चीत मान टाकून घोरत होते. मास्तरांनी कापड आखायचा पिवळा खडू घेतला आणि शेठच्या दारासमोर झक्कपैकी फुली काढली.

"साडूकडे जा आता राहायला!" असं पुटपुटून ते परत येऊन मशीनवर बसले. त्या दिवशी त्यांनी शिवलेल्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी खोदाईचं मशीन धडधडत गल्लीत शिरलं. मास्तर मनात म्हणाले, आले! मशीन शेठच्या दारासमोर थांबलं. चालकाने फुली पाहिली, मान हलवली, आणि मशीन वळवून थेट मास्तरांच्या दारासमोर आणलं!

"अहो, इकडे कुठे? फुली तिकडे आहे!" मास्तर धावत बाहेर आले.

"म्हणून तर इकडे आलो. बाकी सगळीकडे फरशीखाली विजेच्या तारा आहेत, ते नकाशातच आहे. खड्ड्याला जागा इथे नाहीतर तिथे, दोनच." चालक खाली उतरला. "काका, तुम्ही इथले जुने. इथून पाण्याची मोठी लाइन नाही ना जात?"

मास्तरांचे डोळे बारीक झाले. हा मला का विचारतोय? काढून घेतोय माहिती! उद्या म्हणेल, दुकान लाइनवर आहे, पाडा!

"लाइन? कसली लाइन? आमच्याकडे असलं काही नाही!" मास्तर ठणकावून म्हणाले.

"मग ठीक!" म्हणून चालकाने दांडा ओढला.

आधी नुसता 'खट्' असा आवाज आला. मग जमिनीने एक ढेकर दिली. आणि मग पाण्याचा जो खांब उसळला, तो मास्तरांच्या पाटीवरून वर जाऊन दुकानात कोसळला! कापडाचे तागे हत्ती बसावेत तसे खाली बसले. डॉक्टरांची नवी पँट दोन्ही पाय पसरून उंबरा ओलांडून निघाली, तिच्यामागोमाग वकिलांचा कोट, एक हात वर करून, जणू हरकत घेतोय! मास्तर इस्त्री डोक्यावर धरून टेबलावर उभे. समोर शेठच्या दुकानात पाण्याचा थेंब नाही. ते दारात खुर्ची टाकून, शेंगदाणे खात बघत होते.

"अहो, फुली म्हणजे 'इथे खोदू नका, खाली लाइन आहे'!" चालक कपाळावर हात मारत ओरडला. "इथली फुली गेली कुठे?"

मास्तरांना टेबलावर उभ्या उभ्या घाम फुटला. बाकी अंग आधीच ओलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

अर्ध्या शहराचं पाणी गेलं. संध्याकाळी सूचना आली: 'अज्ञात व्यक्तीने सुरक्षेची खूण पुसल्यामुळे जलवाहिनी फुटली आहे. दुरुस्ती सुरू आहे.'

गल्ली रिकाम्या बादल्या घेऊन मास्तरांच्या दारात जमली आणि खदाखदा हसली. "अज्ञात व्यक्ती! ऐका! स्वतः फुली मारायला विसरले आणि आता भुताने पुसली म्हणे! मास्तर, तुम्ही सांगता तेच खरं, पालिकेचा शब्द म्हणजे शुद्ध थाप!"

मास्तर सुटले होते! पण हायसं वाटायच्या आत मेहुणा आला. तोंड धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं.

"ताई, माझी नोकरी जातेय गं. लोकांनी तक्रारींचा पाऊस पाडलाय. आमच्या मॅडम म्हणतात, खात्याची चूक झाकायला मी अज्ञात व्यक्ती मनाने रचली."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या रॉकेलच्या रिकाम्या बाटलीकडे. मग पुन्हा नवऱ्याकडे. तिने फक्त हातातली सुई पिनकुशनमध्ये खोचली, आणि ती ज्या जोराने खोचली, त्यावरून मास्तरांना सगळं कळलं.

"चप्पल घालतो," ते म्हणाले.

पालिकेच्या मॅडमसमोर मास्तरांनी एका दमात कबुली दिली. "फुली मी पुसली!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही याचे कोण?"

"ताईचे मिस्टर," मेहुणा म्हणाला.

"वाटलंच! मेहुण्याला वाचवायला आलात."

"अहो, खरंच मीच! देवाशप्पथ!"

"कशावरून?"

आयुष्यभर हा प्रश्न मास्तर लोकांना विचारत आले होते. आज तो पहिल्यांदाच समोरून आला होता. त्यांनी रॉकेलचं सांगितलं, घासणीचं सांगितलं, दोन डाव्या बाह्यांचंसुद्धा सांगितलं. मॅडमची मान हलेना. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि समोरची फुली?" त्यांनी फोटो पुढे सरकवला.

मेहुणा वाकून बघू लागला. शेठच्या दारातली फुली काटकोनात, टाक्यांसारख्या तुटक रेघांनी आखलेली, आणि चारही बाजूंनी बोटभर मार्जिन सोडलेलं!

"भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला, "फुलीला मार्जिन कशाला?"

"उसवायला लागली तर असावं म्हणून," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, म्हणून परत ठेवला. मेहुण्याची नोकरी वाचली. मास्तरांना मात्र शिक्षा झाली. मॅडम म्हणाल्या, "यापुढे प्रत्येक सूचना बाहेर पडायच्या आधी या गृहस्थांना दाखवायची. यांना पटली तर शहरात कुणालाही पटेल!"

मास्तर छाती फुगवून घरी आले. दुसऱ्याच सकाळी मेहुण्याचा फोन. "भावोजी, ही सूचना बघा. 'आज दुरुस्तीसाठी सकाळी दहा वाजता पाणी पुन्हा बंद होईल.' पाठवू?"

"थांब! दहाच का? साडेदहा का नाही?"

"अभियंता म्हणाले."

"कुठला अभियंता? तू स्वतः पाहिलास?"

"फोनवर बोललो."

"फोनवर कुणीही बोलेल! त्याला समोर बसवून विचार. आणि पाणी बंद होईल म्हणजे नळाला बंद की टाकीत बंद? शब्द नीट मोजून घे!"

मेहुणा धावला, आला, परत धावला. मास्तर कानाला फोन लावून खुर्चीत ताठ बसले होते. इतक्यात न्हाणीघराचं दार किलकिलं झालं आणि साबणाने माखलेला बायकोचा हात बाहेर आला.

"अहो! नळ गेला! माझ्या भावाने सूचना कशी नाही दिली?"

मास्तरांनी फोनवर हात ठेवला.

"देतोय गं," ते म्हणाले, "पण पाणी जाणार आहे याची मला अजून खात्री पटलेली नाही!"