बांधून घेतलेल्या बायका

चर्चचा कारभारी म्हणून सांगतो, माझ्या, या थर्स्टनच्या, नजरेतून एक पेनीसुद्धा सुटत नाही! म्हणून तर यंदा वर्गणीची दोरी आणि पेटी माझ्या ताब्यात घ्यायचं मी ठरवलं.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी आमच्या गावात बायका रस्त्यात दोरी आडवी धरतात, पुरुषांना बांधतात आणि पेनी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मंगळवारी आम्ही बायकांना बांधतो. पैसे चर्चला. यंदा पैज अशी, की ज्यांची पेटी जड, त्यांच्या मनासारखी वस्तू चर्चमध्ये येणार. बायकांना बसायला बाकं हवी होती. आम्हाला घंटा! तिच्यावर कारभाऱ्याचं नाव ओततात. मी तर स्वतःच्या खिशातून घंटेचा विसारही देऊन बसलो होतो.

पण दरवर्षी बायकांच्या पेटीत नऊ शिलिंग आणि आमच्या पेटीत जेमतेम दोन! नक्कीच कुणीतरी हात मारत होतं. आमची पेटी सांभाळायचा दुसरा कारभारी हॅमंड, आणि त्याच्या बायकोच्या अंगावर नवा झगा!

"हॅमंड, यंदा पेटी माझ्याकडे."

"घे बाबा, घे!" तो म्हणाला. इतक्या आनंदानं दिली, की माझा संशय दुप्पट झाला.

सोमवारी बायकांनी मला तीनदा धरलं. तिसऱ्यांदा तर मी डुकरांच्या कुंपणामागून निघालो होतो. ती वाट फक्त माझ्या बायकोला, मार्जरीला, ठाऊक!

"फितूर!" मी ओरडलो.

"पेनी काढा, कारभारी."

काढली. बाजार गाठायचा होता, करतो काय!

मंगळवारी मी पुलावर दोरी घेऊन उभा राहिलो. पहिली सापडली ती मार्जरीच.

"पेनी काढ, नाहीतर बांधतो!"

"बांधा की."

बांधली. ती निवांत गवतात बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "गाठ ढिली आहे हो. सुटून जाईन ना!"

मागून लोहाराची बायको आली ती हात पुढे करूनच. मग बाकीच्या आल्या. दुपारपर्यंत बावीस बायका गवतात बांधलेल्या! कुणी घोरतेय, कुणी सुनेची कागाळी करतेय. पेटीत छदाम नाही. हा कट होता, मला दिसत होता, पण कायद्यात कुठंच बसत नव्हता.

तेवढ्यात लोहार धावत आला, कडेवर रडतं पोर.

"सोड रे तिला! पाव जळाला, डुकरं बागेत शिरली!"

"पेनी टाक," मी खुशीत पेटी पुढे केली.

"त्या पेटीत टाकलीत तर मी उठणार नाही," लोहारीण गवतातून म्हणाली. मार्जरीनं झग्याच्या घोळातून बायकांची पेटी काढली. लोहारानं मुकाट्यानं त्यात पेनी टाकली. त्याच्यामागे नवऱ्यांची रांग लागली.

मी हॅमंडला बाजूला ओढलं. "खरं सांग! तुझ्या पेटीत दोन शिलिंग यायचे कुठून?"

"माझ्या खिशातून," तो खाली बघत म्हणाला. "पुरुषांची अब्रू राहावी म्हणून. आणि झगा तिच्या माहेरचा आहे, दरवेळी डोळे वटारून बघत असतोस तो."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. घंटा गेली, विसार गेला, वर पाद्रीबाबा आमच्याकडे जेवायला यायचे होते, आणि रांधणारी गवतात बांधलेली!

"मार्जरी, ही घे पेनी. चल."

"दोन. कारभाऱ्याची बायको आहे मी."

दोन टाकल्या. गाठ सोडली. बाईसाहेब जागच्या हलेनात!

"तुम्ही व्हा पुढं. गाय ओरडतेय, तेवढं दूध काढा. माझं बोलणं संपलं की येतेच."

गेलो. बादली घेऊन खाली बसलो, तर गायसुद्धा मान वळवून, याला दूध काढता येतं का, अशा संशयानं माझ्याकडे बघत होती. तिचा संशय मात्र खरा निघाला.