छोटीबाईंनी दोनदा सांगितले त्याची हकीकत

पुढील पिढ्यांस ठाऊक असावे आणि कोणी तिखटमीठ लावून भलतेच पसरवू नये, म्हणून दातांच्या कारखान्यात घडलेले वर्तमान जसे घडले तसे कागदी घालण्यात येते.

सदर कारखान्यात दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येत, आणि त्यांवरून दात घडवून माघारी रवाना होत. कारखान्याच्या धनीण थोरल्या मॅडम. येणाऱ्या प्रत्येक पेटीवर क्रमांकाची आणि रंगाची चिठ्ठी लिहिणारे चिटणीसकाका, ज्यांचे कलम बावीस वर्षे अखंड चालत होते आणि ज्यांचे अक्षर बावीस वर्षे कोणास धड लागत नव्हते. आणि खिडकीजवळच्या टेबलाच्या सुभेदार छोटीबाई, उमर चोवीस, हात असा की त्यांनी घडविलेला दात तोंडात बसला म्हणजे खरा कोणता आणि केलेला कोणता, हे खुद्द मालकास आरशात शोधावे लागे.

परंतु छोटीबाईंच्या पाठीस लहानपणापासून एक गनीम लागला होता, तो अक्षरांचा. कागद समोर आला की फौज फितूर होई. घ होता तेथे ध दिसे, ठ होता तेथे ढ ठाण मांडी, आणि आकडे तर आपसात जागा बदलून साळसूद चेहऱ्याने उभे राहत. शाळेत ह्यास आळस असे नाव पडले. पुढे कॉलेजात एका शिक्षिकेने पाहिले की तोंडी उत्तरे सोन्यासारखी आणि लेखी पेपर मातीमोल, मग तपासणीस धाडले, आणि गनिमाचे खरे नाव उघडकीस आले, ते डिस्लेक्सिया. परीक्षेत अर्धा तास अधिक मिळण्याची सनद झाली आणि बसण्यास निराळी खोली मिळाली, तो वर्गात आवई उठली की हिला कॉपी करताना धरले. ती मोडावी म्हणून छोटीबाईंनी मैत्रिणींस खरे ते सांगितले. पहिलीने घाबरून तीन बोटे नाचवली आणि विचारले, "ही किती दिसतात?" दुसरीने चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला. तिसरी त्या दिवसापासून त्यांच्याशी फार सावकाश आणि फार मोठ्याने बोलू लागली, ती पदवी हाती पडेपर्यंत. तेव्हा छोटीबाईंनी मनाशी करार केला की नोकरीत ह्या गोष्टीचा वाससुद्धा कोणास लागू द्यावयाचा नाही.

मग कारखान्यात चिठ्ठी आली की आकड्याखाली बोट ठेवावे, ओठांतल्या ओठांत तीनदा वाचावे, आणि कोणी पाहिलेच तर गाणे गुणगुणत असल्याचा बहाणा करावा. त्यायोगे त्यांस गाण्याची फार आवड, असा लौकिक झाला. दोन वर्षे ऐसी निभावली.

तो एके मंगळवारी दोन पेट्या एकाच वेळी आल्या, एक सहाशे बारा आणि एक सहाशे एकवीस, दोहोंत समोरचाच एकेक दात. आकार साच्यावरून ठरतो, रंग चिठ्ठीवरून. छोटीबाई त्या दिवशी घाईत होत्या, वाचन एकदाच झाले आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आठवड्याने बोभाटा झाला की एका तरुण शाळामास्तरीणबाईंच्या तोंडात चहाच्या रंगाचा दात बसला आहे आणि एका सत्तरीच्या गृहस्थांच्या तोंडात मोत्यासारखा शुभ्र. गृहस्थांस तो इतका पसंत पडला की त्यांनी परत देण्यास साफ नकार दिला. मास्तरीणबाई मात्र तोंडावर हात धरून वर्ग घेऊ लागल्या.

थोरल्या मॅडमनी दरबार भरविला आणि दोन्ही चिठ्ठ्या मागविल्या. त्यांवर बारा कोणते आणि एकवीस कोणते हे कोणासच सांगवेना. चिटणीसकाकांनी मान खाली घालून म्हटले, "माझं अक्षरच तसं. चूक माझीच." मग हुकूम झाला की उद्यापासून काकांनी चिठ्ठ्या लिहू नयेत, पेट्या बांधाव्यात. काकांनी खिशाचे पेन काढून मेजावर ठेवले. छोटीबाईंनी ते पाहिले, परंतु खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभ्या राहून त्यांनी वडील भगिनीस, म्हणजे ताईस, फोन केला. ताईकडून फर्मान आले: "सांगून टाक. नाहीतर मी येऊन सांगते." ताई आल्या तर जन्मकथेपासून आरंभ करतील, हे भय मॅडमच्या भयाहून मोठे ठरले, आणि छोटीबाईंनी मोहिमेस निघण्याचा निश्चय केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मॅडमच्या मेजासमोर ठाकल्या आणि एका दमात बोलून गेल्या. चूक आपली, काकांची नव्हे, आपणांस डिस्लेक्सिया आहे, आकडे उलटे दिसतात, सर्व काही. बोलणे संपले. मग मॅडमनी घासण्याचे मोटारयंत्र बंद केले, कानांतले बोळे काढले आणि विचारले, "काय म्हणत होतीस?"

कारखाना एकाएकी चिडीचूप झाला. दहा माणसे ऐकू लागली. ज्यांनी रणे पाहिली आहेत त्यांसच कळेल की पहिला हल्ला सोपा, दुसरा कठीण. छोटीबाईंनी सर्व मजकूर पुन्हा पहिल्यापासून सांगितला, आणि ह्या खेपेस हळू सांगितला.

मॅडम म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कुणाची? माझी?" मॅडमनी सभोवार पाहिले, तो दहाही माणसे आपापल्या साच्यांत डोके घालून बसली होती. मग मॅडमनी स्वतः उठून काकांचे पेन आणले आणि काकांच्या खिशास लावले.

काकांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "म्हणजे माझं अक्षर चांगलं आहे?"

"नाही काका," छोटीबाई म्हणाल्या, "अक्षर वाईटच आहे. पण ह्या वेळची चूक माझी."

मग तह झाला. चिठ्ठीवर आकडे मोठे लिहावेत, रंगाचा ठिपका द्यावा, आणि काकांनी पेटी हाती देताना क्रमांक तोंडी सांगावा. काकांनी हे कलम असे मनावर घेतले की पहिला आठवडाभर "सहाशे तीस! सहा, तीन, शून्य!" ही ललकारी रस्त्यापर्यंत ऐकू जाई, आणि शेवटी छोटीबाईंस विनंती करावी लागली, "काका, डिस्लेक्सिया आहे, बहिरी नाही." काका ओशाळले आणि हळू सांगू लागले. ओठांतली गाणी मात्र बंद झाली, आणि एका सहकाऱ्याने त्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली.

मास्तरीणबाईंचा दात छोटीबाईंनी दुसऱ्यांदा घडविला आणि स्वतः नेऊन दिला. चार दिवसांनी दंतवैद्याकडून एका शब्दाचा खलिता आला. छोटीबाईंनी तो सर्वांदेखत, मोठ्याने वाचला. पहिल्याने वाचला 'वसला'. मग बोट ठेवून वाचला 'बसला'. दोन्ही खरेच निघाले.

ऐसी ही मोहीम फत्ते जाहली, दात एक आणि चिटणीस एक सोडवून आणले, ह्याची नोंद दफ्तरी राहावी. ह्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाचे काही दोष आढळल्यास ते बखरकाराचे, त्याच्या आळसाचे समजावेत. छोटीबाईंस बोल लावू नये.