स्टँडभर आबा

गायके सरांनी राजनंदिनीच्या कॉम्प्युटरकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "स्टँड छान झालंय. पण आज संप आहे का?"

"नाही सर."

"मग माणसं कुठं गेली?"

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला काम असं होतं, की आपल्या गावासाठी एक इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. नुसतं चित्र नव्हे. तिच्याभोवती फिरता आलं पाहिजे, आत शिरता आलं पाहिजे. राजनंदिनीने देवगाव रंगारीसाठी एसटी स्टँड बांधलं होतं. छप्पर, बाकडी, पाण्याची टाकी, फलाटाला लागलेली लाल गाडी, सगळं जागच्या जागी होतं.

"माणसांशिवाय स्टँड म्हणजे गोडाऊन," सर म्हणाले. "उद्या बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार आहेत. त्यांना गोडाऊन दाखवलंस तर मी काही पास करू शकणार नाही."

प्रोग्राममध्ये माणसं तयार मिळत होती. राजनंदिनीने ती उघडून पाहिली. ओव्हरकोट घातलेला गोरा साहेब होता, कानाला काहीतरी लावून पळणारी बाई होती, कुत्र्याला फिरवणारी मंडळी होती. देवगावात कुत्रं आपलं आपण फिरतं. तिने साहेबाला बाकड्यापाशी उभं करून पाहिलं. तो भुईमुगाच्या शेंगा घेईल असं काही वाटेना.

शेजारच्या कुणाला विचारलं असतं तर मार्ग निघाला असता. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. पहिल्या वर्षी ओळख करून देताना ती म्हणाली होती, "मला कॉम्प्युटर लई येत नाय." वर्ग हसला होता. पुढच्या बाकावरची मोनिका तर आठवडाभर "लई भारी, लई भारी" करत फिरली होती. त्यात वाईट हेतू नव्हता, पण राजनंदिनीने तेव्हापासून "हो सर" आणि "नाही सर" एवढ्या दोनच वाक्यांत शिक्षण चालवलं होतं. दुपारी सगळे कॅन्टीनला जात. ती मेसचा डबा घेऊन खिडकीशी बसे, आणि वर्ग परत आला की जेवण झाल्यासारखं दाखवून झाकण लावी.

शेवटी तिने ठरवलं, माणूस आपणच घडवायचा. आणि टोपीपासून वहाणेपर्यंत पाठ असलेला माणूस तिला एकच ठाऊक होता. तिने गावी फोन लावला.

"आबा, तुमची उंची किती?"

"का गं? सदरा शिवती व्हय?" पलीकडून तिचे वडील रामकिसन म्हणाले.

"नाय, कॉलेजचं काम आहे."

"दाराच्या चौकटीला टोपी घासती. तेवढी धर."

"आणि खांदे?"

"एकावर पोतं, एकावर तू, एवढे व्हते." मग म्हणाले, "जेवली का?"

"जेवले," राजनंदिनी म्हणाली. डबा बंदच होता.

दुपार कलेपर्यंत आबा उभे राहिले. तोंड दुधी भोपळ्याच्या वळणावर गेलं होतं, पण मिशी आणि टोपी जमली होती, आणि डावा पाय किंचित पुढे टाकून उभं राहायची ढब तर हुबेहूब आली होती. मग तिने त्यांच्या नकला काढायला सुरुवात केली. आबा फलाटावर उभे राहिले, तिकिटाच्या खिडकीत गेले, गाडीच्या स्टिअरिंगमागे गेले. बायकांच्या स्वच्छतागृहासमोरही एक आबा ठेवले. त्यांना नंतर लुगडं नेसवून माय करायचं, असा तिचा विचार होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या प्रोग्राममध्ये अशी नक्कल काढली की ती मुळाशी बांधलेली राहते. समजा, वर्गातल्या एका मुलाच्या पाटीवर 'ग' काढला आणि सगळ्यांच्या पाट्यांवर 'ग' उमटला, तसं. इमारतीच्या सगळ्या खिडक्या एकदम बदलायच्या असतील तर ही मोठी सोय आहे. आणि एखादी पाटी सुटी करायची असेल तर त्यासाठी बटण असतं. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. राजनंदिनीला नव्हतं, कारण तिने कुणाला विचारलं नव्हतं.

गाडीजवळच्या आबांचा हात तिने वर केला. स्टँडवरच्या सगळ्या आबांनी हात वर केले. ड्रायव्हर आबांचा तर टपातून बाहेर आला. मशीन तापलं असेल, असं समजून तिने दम खाल्ला आणि स्वच्छतागृहासमोरच्या आबांच्या डोक्यावर हिरवा पदर घातला. सगळ्या फलाटावर टोपीवरून पदर आणि पदराखाली मिशा पसरल्या. ती घाबरून एकामागून एक बटणं दाबत सुटली, तसा कॉम्प्युटर जागीच थिजला. तेवढ्यात शिपाई लॅबला कुलूप लावायला आला.

सकाळी पडद्यावर जे उघडलं, ते प्रोग्रामने आपल्या मनाने जपून ठेवलेलं होतं.

परीक्षक मॅडमनी चष्मा पुसला. "हे कोण?"

"माझे आबा."

"आणि तिकिटाच्या खिडकीत?"

"आबा."

"गाडी कोण चालवतंय?"

"आबाच."

"आणि बायकांच्या स्वच्छतागृहासमोर?"

"ती माय होणार होती, मॅडम. मिशी काढायची राहिली."

वर्ग बाकांवर कोसळला. गायके सरांनी खिडकीकडे तोंड केलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मॅडम मात्र पडद्याकडेच पाहत होत्या. "पण सगळ्यांनी हात का वर केलेत?"

"मी गाडीत बसले की आबा हात वर करतेत," राजनंदिनी म्हणाली. "गाडी वळेस्तोवर खाली घेत नाय. मला इथं ते लई..."

शब्द निसटला. मागून कुणीतरी हसलं, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

मॅडमनी माउस हातात घेतला आणि गाडीच्या खिडक्यांतून आत पाहिलं. सगळी बाकं रिकामी होती. "एवढे लोक निरोप देतायत," त्या म्हणाल्या, "पण गाडीत तर कुणीच नाही. एक माणूस राहिलाय. तो बसव आणि जेवणानंतर परत दाखव. मार्क तेव्हा."

सगळे कॅन्टीनला गेले. राजनंदिनी रिकाम्या वर्गात पडद्यासमोर बसून राहिली. मग तिने मोबाइलवर फोटो काढून गावी पाठवला. लगेच फोन वाजला.

"काय गं, मला पदर दिला?"

"चुकून, आबा."

"तुझी माय हसून हसून खाली बसली. म्हणती, घरात सून आली."

राजनंदिनीला हसू आलं, आणि डोळे पुसावे लागले.

"पर एक चुकलं बघ," रामकिसन म्हणाले. "एवढे आबा उभे केले, एकाच्या तरी हातात डबा द्यायचा. लेकीला पोचवाया रिकाम्या हातानं येतं व्हय कुणी?"

"एकाला दिला की सगळ्यांच्या हातात येतो, आबा."

"मग येऊ दे की! डब्याला काय धाड भरली?"

फोन ठेवून तिने एका आबांच्या खाली असलेल्या हातात डबा दिला. स्टँडभर डबेच डबे झाले.

"बापरे! एवढं कोण खाणार?" मागून आवाज आला.

मोनिका विसरलेली पर्स घ्यायला परत आली होती. ती पडद्याशी वाकली. "अगं, तू यांना सुटं का नाही केलंस? हे बघ, इथं बटण आहे. विचारायचं ना यार."

तिने बटण दाबून दाखवलं. राजनंदिनीने स्वच्छतागृहासमोरच्या एकाला सुटं करून त्याची मिशी काढली आणि बाकी सगळ्यांचे पदर उतरवले. आबा पुन्हा आबा झाले.

"आता गाडीत कोण बसणार?" मोनिकाने विचारलं.

"मी."

"एकटीच? मग शेजारी मला बसव. पण सुटी करून हां, नाहीतर मला मिशी यायची."

बोलता बोलता तिने खुर्ची ओढली, खिडकीतला मेसचा डबा जवळ घेतला आणि झाकण उघडून आत पाहिलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"वरण लई पातळ आहे गं," मोनिका म्हणाली.